सवडीचा डोंगर

शिट्टीवर चालणाऱ्या सहलींची मला पहिल्यापासून चीड आहे. कोणी तरी परक्या माणसाने आपल्याला पहाटे चारला उठवायचे, पाचला गाडीत बसवायचे, 'हे पाहा, ते पाहा' म्हणून डावीउजवीकडे बोटे दाखवायची आणि आपले मन जरा कुठे रमते न रमते तोच शिट्टी फुंकून पुन्हा गाडीकडे हाकायचे. याला सहल म्हणावे की गुरे वळणे म्हणावे, हा प्रश्न मी आमच्या घरात अनेकदा उपस्थित केलेला आहे. डोंगर पाहायचा तो कसा सवडीने पाहावा! वाटेल तिथे थांबावे, वाटेल तितका वेळ बसावे, ऊन उतरले की खाली यावे. माझे हे मत इतके पक्के आहे की, त्याच्या जोरावर आजवर पुष्कळशी स्थळे मी न पाहताच राहिलो आहे.

गेल्या आषाढात भिवापुराहून वहिनींचा फोन आला, तेव्हा या मताची पहिल्यांदा परीक्षा झाली.

"भाऊजी, आईंनी रामटेकच्या सहलीला नाव दिलं. एका दिवसाची सहल आहे, गावातलीच मंडळी नेऊन राहिली. पैसेही भरून आल्या. पावती दाखवली तेव्हा आम्हाला कळलं."

आईचे वय अठ्ठ्याहत्तर. एक गुडघा पावसाळ्यात बोलतो, दुसरा बारमाही. मी तिला फोनवर बोलावले आणि कर्त्या मुलाला शोभेल अशा आवाजात म्हणालो, "आई, रामटेकलाच जायचं तर मला नाही का सांगायचं? मी गाडी घेऊन येतो. सवडीनं जाऊ, सवडीनं पाहू."

पलीकडे क्षणभर काहीच ऐकू आले नाही. मग ती म्हणाली, "तुझी सवड तू ठेव बापा. मी रविवारी चालली."

असे म्हटल्यावर मुलाने करायचे काय? मी वहिनींना सांगून माझेही नाव घातले आणि शनिवारी संध्याकाळी भिवापुरास जाऊन दाखल झालो.

भिवापूर हे नागपूर जिल्ह्याच्या आग्नेय टोकाचे तालुक्याचे गाव. नागपूरहून उमरेडमार्गे नागभीडकडे जाताना ते लागते. त्याची ख्याती एका गोष्टीसाठी, ती म्हणजे मिरची. भिवापुरी मिरचीला आता भौगोलिक मानांकनही मिळाले आहे; पण आम्हा गावकऱ्यांना ते मानांकन लहानपणीच नाकातून मिळाले होते. हंगामात गावाबाहेर मिरचीचे सातरे लागतात. मोकळ्या जागेत लालभडक मिरचीचे ढीग आणि त्यांच्याभोवती देठ खुडत बसलेल्या बायका, हे दृश्य ज्याने पाहिले त्याला गालिचा दाखवून चकित करता येत नाही. आमचे आजोबा मूळचे रामटेककडचे. या मिरचीच्या व्यापारापायी भिवापुरास आले आणि राहिले. गाव सुटले तरी एक रिवाज त्यांनी सोडला नाही. आमच्याकडची माणसे एरवी अस्थी घेऊन पवनीला वैनगंगेवर जातात. आमच्या घरातल्या मात्र रामटेकला, गडाच्या पायथ्याच्या अंबाळा तलावात जात.

हे मला ठाऊक होते. त्याचा आईच्या सहलीशी काही संबंध असेल, हे मात्र मनातही आले नाही.

पहाटे पाचला बस स्थानकापाशी आमची गाडी उभी होती. एकंदर अठ्ठावीस मंडळी. दोन निवृत्त मास्तर सपत्नीक, एक नवे जोडपे, किराणा दुकानाचे एक पोटधारी मालक आणि हंगामात सातऱ्यावर मिरची खुडणाऱ्या चार बायका. त्यांनी सहा महिने थोडे थोडे पैसे टाकून आपली भाडी जमवली होती. या सर्वांवर अधिकार चालवणारे गृहस्थ भूगोल शिकवून निवृत्त झालेले. त्यांना सगळे गुरुजी म्हणत. त्यांच्या गळ्यात शिट्टी होती, मनगटावर मोठे घड्याळ होते आणि हातात कागद होता. माझ्या चिडीची तिन्ही कारणे एकाच देहात एकवटलेली पाहून मी खिडकीकडे तोंड करून बसलो.

कागदावर पुढीलप्रमाणे मजकूर होता: अंबाळा, 20 मिनिटे. गड, दीड तास. कालिदास स्मारक, 30 मिनिटे. भोजन, 45 मिनिटे. खिंडसी तलाव, 45 मिनिटे. बाजारात पान खाणे, 15 मिनिटे. पान खाण्यालाही वेळ ठरवून देणारा मनुष्य माझ्या पाहण्यात हा पहिलाच.

गाडी सुटली. पावसाने नुकतीच उघडीप दिली होती. रस्त्यालगत कुठे कुठे जुन्या रेल्वेची खूण दिसे. अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून नागपूर-नागभीड अशी आमची छोटी गाडी धावत असे. रूळ रुंद करायचे म्हणून 2019 साली ती थांबवली. तिच्या डब्यातून हात बाहेर काढला की सीताफळे तोडता येत, असे गावात सांगत. मला कधी तोडता आली नाहीत, पण यात दोष गाडीच्या वेगाचा नव्हता. पुढे उमरेडजवळ कोळशाच्या खाणींचे काळे ढिगारे लागले. याच भागात 2012 साली जाहीर झालेले उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य आहे. मुंबई-पुण्याहून माणसे विमानाने नागपूरला येतात, पहाटे उठतात आणि वाघ पाहून जातात. मी त्या जंगलाच्या शेजारच्या गावात जन्मलो आणि अजून वाघाची शेपटीही पाहिलेली नाही. जवळचे आहे, केव्हाही पाहता येईल!

नागपूर ओलांडून कामठी-कन्हान मागे पडल्यावर गुरुजी उठून उभे राहिले आणि त्यांनी मेघदूताची गोष्ट सुरू केली. मला वाटले, आता शाळा भरणार. पण मनुष्य गोष्ट छान सांगत होता. कुबेराच्या चाकरीतला एक यक्ष. कामात त्याची चूक झाली आणि धन्याने त्याला वर्षभर बायकोपासून दूर हद्दपार केले. तो येऊन राहिला रामगिरीवर. आठ महिने गेले, आषाढ आला, डोंगराला टेकलेला ढग दिसला आणि वेड्याने त्याच्याबरोबर घरी निरोप धाडला.

"हा रामगिरी म्हणजे आपलं रामटेक," गुरुजी म्हणाले. "सगळ्यांना हे मान्य नाही. मल्लिनाथ म्हणतो चित्रकूट. कोणी सरगुजातला रामगढ सांगतात. पण आपल्या नागपूरच्या महामहोपाध्याय मिराशींनी रामटेकचा पक्ष मांडला आणि त्याला आधार दिले. कालिदासाच्या डोंगरावर रामाची पावलं आहेत, लोक त्यांना वंदन करतात. आणि वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता हिचा एक ताम्रपट रिद्धपूरला सापडला, तो दिलाय कुठून, तर रामगिरीच्या स्वामीच्या पायापासून!"

"मग पुढं काय झालं त्या यक्षाचं?" सातऱ्यावरच्या बायकांपैकी एकीने विचारले. तिला ताम्रपटाशी कर्तव्य नव्हते.

"सुटला की, बाई. त्याला तारीख दिली होती. विष्णू शेषावरून उठला, म्हणजे कार्तिकातली एकादशी आली, की शाप संपला. चार महिने उरलेत, तेवढे डोळे मिटून काढ, असंच तो बायकोला कळवतो."

"तारीख ठाऊक असली म्हणजे माणूस काढते दिवस," आई हळूच म्हणाली. माझ्याकडे पाहून नव्हे, खिडकीबाहेर पाहून. मनसरजवळ हमरस्ता सोडून गाडी वळली होती आणि हिरवा गड, वरच्या पांढऱ्या कळसांसह, समोर आला होता.

सह्याद्री पाहिलेल्या माणसाला रामटेकचा गड डोंगर वाटायचा नाही. नावातच 'टेक' आहे. पण आमचा मुलूख सपाट. धानाच्या बांध्या, तलाव आणि पुन्हा बांध्या. अशा मुलखात एवढी टेकडी उभी राहिली तरी तिला गिरी म्हणण्याचा मोह कवीलाही आवरला नाही, तिथे आपली काय कथा?

अंबाळ्याशी गाडी थांबली. तीन बाजूंनी टेकड्या, काठाने घाट आणि लहानमोठी देवळे, आणि मध्ये आषाढाच्या आभाळाचा रंग घेतलेले गढूळसर पाणी. एका घाटावर कुणाचे तरी क्रियाकर्म चालू होते. गुरुजींनी वीस मिनिटे दिली. मंडळी पाय धुवायला पांगली. आई मात्र कुणाला न विचारता डाव्या हाताच्या घाटाकडे चालू लागली. शेवटच्या कोरड्या पायरीवर उभी राहून तिने ओंजळभर पाणी घेतले आणि परत सोडले.

त्या घाटावर मी पूर्वी एकदा उभा होतो. 1999 साली, बाबा गेले तेव्हा. आम्ही भिवापुराहून छोट्या गाडीने इतवारीला आलो, तिथून एस. टी. ने रामटेकला. ओल्या धोतरात मी भटजी सांगतील ते करत होतो आणि डोळा घड्याळावर ठेवून होतो. कारण संध्याकाळची भिवापूरची गाडी इतवारीहून गाठायची होती. सगळे आटोपल्यावर आईने गडाकडे जाणाऱ्या पायऱ्यांकडे पाहून विचारले होते, "किती पायऱ्या असतील रे वर?"

मी म्हणालो होतो, "आई, आता सुतक आहे. देवळात कुठं जातेस? पुढं कधी सवडीनं येऊ."

यात खोटे काही नव्हते. सुतक होतेच. गाडीही चुकली असतीच. पण त्यानंतर मी रामटेकला तीनदा जाऊन आलो. एकदा कचेरीतल्या मंडळींबरोबर, एकदा पुण्याच्या पाहुण्यांना घेऊन आणि एकदा मुलाच्या शाळेच्या सहलीत पालक म्हणून. तिन्ही वेळा गडावरून खिंडसीचे पाणी पाहून 'वा वा' म्हणालो. तिन्ही वेळा भिवापूर आठवले नाही.

गुरुजींची शिट्टी झाली. मंडळी गाडीकडे वळली. गडावर आता थेट मोटारीचा रस्ता जातो. गाडीने वर जायचे, थोड्या पायऱ्या चढायच्या, की देऊळ. आई जागची हलली नाही.

"आजी, चला. गाडी वर जाते," गुरुजी म्हणाले.

"मी इकडून येते," आईने अंबाळ्यावरून वर जाणाऱ्या जुन्या पायऱ्यांकडे बोट केले.

"अहो, त्या पायऱ्या फार आहेत. तुमचे गुडघे..."

"आई, वेडेपणा करू नकोस," मी म्हणालो. "लोक खोळंबतील."

तिने माझ्याकडे लक्ष दिले नाही. गुरुजींना म्हणाली, "दोनदा इथवर येऊन परत गेली मी. पहिल्यांदा सासूबाईंना घेऊन, चौऱ्याहत्तर साली. तेव्हा यांचे बाबा म्हणाले, सुतक आहे, पुढं सवडीनं येऊ. मग त्यांनाच घेऊन आली. तेव्हा हा म्हणाला. आता तिसऱ्यांदा पायरीशी येऊन मागच्या दारानं नाही जायचं मला."

वाडवडिलांकडून कुणाला शेती येते, कुणाला दागिने येतात. मला बाबांकडून एक वाक्य आले होते आणि ते आल्याचे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हते. चौऱ्याहत्तर साली मी पाच वर्षांचा, आजीच्या खोलीतली खाट कुठे गेली म्हणून विचारत हिंडत होतो. अठ्ठावीस वर्षांची माझी आई त्या वेळी इथे, या पायरीशी उभी राहून वर पाहत होती.

मी गुरुजींकडे पाहिले. दीड तासाचा गड होता. आईच्या पायांनी नुसती चढायलाच तेवढा वेळ लागला असता. त्यांनी घड्याळ पाहिले, कागद पाहिला आणि मग गळ्यातली शिट्टी काढून खिशात टाकली. ड्रायव्हरला म्हणाले, "मंडळींना घेऊन वर हो. वराहापाशी थांबा. दर्शन करून घ्या, आमची वाट पाहू नका."

"गुरुजी, तुमचा कार्यक्रम..." मी ओशाळून म्हणालो.

"कार्यक्रमात मी तासभर पोटात ठेवूनच येतो, साहेब. कागदावर लिहीत नाही. लिहिला की लोक आधीच वापरून टाकतात. दर सहलीत एक तरी माणूस असतो, की जो नुसता पाहायला आलेला नसतो."

आम्ही चढू लागलो. आई मध्ये, गुरुजी पुढे, मी मागे. पायऱ्या पावसाने निसरड्या झालेल्या, दोन्हीकडे ओली झाडी, वर कुठे तरी वानरांचा हुपहुप आवाज. वीस-पंचवीस पायऱ्या झाल्या की आई बसे. गुरुजीही बसत आणि काहीबाही सांगत.

"वनवासात रामानं इथं विसावा घेतला, टेकला, म्हणून रामटेक, असं एक म्हणतात. दुसरे म्हणतात, राक्षसांना मारीन अशी टेक, म्हणजे प्रतिज्ञा, त्यानं इथं केली."

"माझं तर दोन्ही होऊन राहिलं," आई धापा टाकत म्हणाली.

मी तिच्या हाताला धरू लागलो तर तिने हात सोडवून घेतला. पुढच्या बैठकीला मात्र आपण होऊन माझ्या खांद्यावर ठेवला. तो हात किती हलका झाला आहे, हे मला तोवर कळले नव्हते. महिन्याला एकदा भेटणाऱ्या मुलाला आईचे वय दिसते, वजन कळत नाही.

वर पोचलो तेव्हा आमच्या मंडळींनी वराहापाशी मोठी धमाल उडवून दिली होती. तिथे मंडपात दगडी वराहाची भली थोरली मूर्ती आहे, वाकाटकांच्या काळची. तिच्या पोटाखालून सरपटत पलीकडे जायचे अशी पूर्वापार चाल. पुण्यवान सुटतो आणि पापी अडकतो, असा समज. सातऱ्यावरच्या चौघी सर्रकन निघून पदर झटकत उभ्या होत्या. किराणा दुकानाचे मालक अर्ध्यावर गेले होते आणि पुढे की मागे याचा त्यांच्या मनाशी निर्णय होत नव्हता. "शेटजी, वजनमापाचं स्मरण करा!" असे कोणी तरी ओरडले. अखेर दोघांनी पाय ओढून त्यांना, आले त्याच बाजूने, बाहेर काढले. आईला मी विचारले, "जातेस का?" ती म्हणाली, "मला नाही वाकवत. तू जा." पण माझी काही छाती झाली नाही.

पुढे केवल नरसिंहाचे देऊळ. उग्र म्हणावा असा नरसिंह नव्हेच तो. मांडीवर हिरण्यकशिपू नाही, आतडी नाहीत. एक गुडघा वर घेऊन देव एकटाच बसलेला, म्हणून 'केवल'. त्या देवळाच्या भिंतीवर वाकाटकांच्या घराण्याचा झिजलेला शिलालेख आहे. गुरुजींनी पुन्हा प्रभावतीगुप्तेची गोष्ट काढली. गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची ती मुलगी, इकडच्या दुसऱ्या रुद्रसेनाला दिलेली. नवरा लवकर गेला, मुले लहान. तिने मुलांच्या नावाने स्वतः राज्य चालवले. राजधानी नंदिवर्धन, म्हणजे हे खालचे नगरधन. सोळाशे वर्षांपूर्वीची ही राणी या डोंगराच्या देवाच्या पायाशी येऊन दान देते.

आई लक्ष देऊन ऐकत होती. म्हणाली, "म्हणजे तीही मालक गेल्यावरच आली म्हणा."

"आधीही येत असेल, आजी. गाव जवळच होतं."

"जवळ राहून कुठं येणं होते?" आई म्हणाली. हे वाक्यही तिने नरसिंहाकडे पाहून म्हटले.

गोकुळ दरवाजातून आत गेलो. आधी लक्ष्मणाचे दर्शन, मग रामाचे, असा इथला क्रम. ही देवळे नागपूरच्या पहिल्या रघुजी भोसल्यांनी अठराव्या शतकात पुन्हा उभी केली. कार्तिकी पौर्णिमेला इथे मोठी यात्रा भरते. त्या दिवशी देव दिसतो की नाही कुणास ठाऊक, पण आषाढातल्या त्या सकाळी गर्दी नव्हती. आई रामापुढे किती वेळ उभी होती हे मी सांगू शकणार नाही, कारण मी घड्याळ पाहिले नाही. पाहण्याची सवय असलेला हात मी दुसऱ्या हाताने धरून ठेवला होता.

बाहेर तटाशी आलो. खाली सगळा मुलूख पसरलेला. एकीकडे गाव आणि त्यापलीकडे शेते, दूर खिंडसीचा विस्तीर्ण तलाव, आणि अगदी पायाशी, टेकड्यांच्या कुशीत, अंबाळा. वरून तो ओंजळीएवढा दिसत होता. डावीकडच्या घाटावर ते क्रियाकर्म अजून चालू होते. माणसे मुंग्यांसारखी दिसत होती.

"त्या पायरीवर बसला होता तू," आई म्हणाली. "ओल्या धोतरात. सारखा घड्याळ पाहत होता."

मला काही बोलता येईना.

"तुझं काही चुकलं नाही. घरी लहान पोर होतं तुझं. गाडी चुकली असती तर रात्र कुठं काढली असती?" मग थोडे थांबून, "फक्त मला वाटे, हे लोक खाली सोडून जाते, तर वरून ती जागा कशी दिसते ते एकदा पाहावं. लहानशी दिसते नं? भेव नाही वाटत."

'दुरून डोंगर साजरे' असे आपण म्हणतो. पायथ्याशी दोनदा येऊन परत गेलेल्या माणसाला तो डोंगर कसा दिसत असेल, याचा विचार ती म्हण करणाऱ्याने केला नसावा.

एवढ्यात मोठा ओरडा झाला. नव्या जोडप्याची पिशवी एका वानराने पळवली होती. त्याने तटावर बसून डबा उघडला, आतल्या पुऱ्या बाजूला सारल्या आणि भिवापुरी मिरचीच्या ठेच्याचा मोठा घास घेतला. पुढची दोन मिनिटे त्या प्राण्याने जे केले त्याचे वर्णन करण्यास माझी भाषा अपुरी आहे. डबा दरीत गेला, वानर झाडावर गेले आणि तिथून आमच्याकडे असे पाहू लागले की, हद्दपार झालेल्या यक्षानेही कुबेराकडे तसे पाहिले नसेल. "मानांकन मिळालं!" गुरुजी म्हणाले. आई डोळ्यांत पाणी येईतो हसली. बाबा गेल्यापासून तिला मी असे हसताना पाहिले नव्हते. कदाचित ती हसली असेलही. मी तिथे नसेन.

बाकीची सहल गुरुजींच्या कागदाप्रमाणे झाली. कालिदास स्मारक पाहिले, खिंडसीवर डबे सोडले. बाजारात पंधरा मिनिटे मिळाली. रामटेकचे कपुरी पान जुन्या काळापासून नावाजलेले, ते आईने अर्धे खाल्ले आणि अर्धे वहिनींसाठी पदराला बांधले. येताना ती गाडीत झोपली. तिचे डोके माझ्या खांद्यावर होते आणि खिडकीबाहेर भर आषाढातले ढग आमच्याबरोबर धावत होते. ते कुणाचा निरोप घेऊन निघाले होते कोण जाणे.

भिवापुरास उतरताना मी गुरुजींजवळ शिट्टीवरच्या माझ्या जुन्या मताची कबुली दिली. ते हसले. म्हणाले, "साहेब, शिट्टी मलाही आवडत नाही. पण ती नसती तर पहाटे पाचला गाडी सुटली नसती. सवडीनं निघणारी गाडी मी अजून कुठं पाहिली नाही."

त्या रात्री मी पुष्कळ वेळ जागा होतो. यक्षाच्या शिक्षेला वर्षाची मुदत होती आणि ती कोणत्या तिथीला संपणार हे त्याला ठाऊक होते. माझ्या आईला आम्ही बापलेकांनी दिलेल्या शब्दाला तिथी नव्हती. सवड ही गोष्ट अशी की, ती देणाऱ्याला उदार वाटते आणि घेणाऱ्याला मोजता येत नाही. पन्नास वर्षे ती बाई मोजायला काही नसताना वाट पाहत राहिली. आणि शेवटी तिने काय केले, तर जिच्यावर दिवस, वार आणि वेळ छापलेली आहे अशी एक पावती फाडून आणली.

दिवाळीच्या तयारीच्या गडबडीत परवा वहिनींचा पुन्हा फोन आला. गुरुजींची पुढची सहल अंभोऱ्याची आहे. कन्हान आणि इतर नद्या तिथे वैनगंगेला मिळतात, टेकडीवर चैतन्येश्वराचे देऊळ आहे, आणि मुकुंदराजांनी विवेकसिंधु तिथेच लिहिला असे आम्ही वैदर्भी लोक मानतो. आंबेजोगाईकर मानत नाहीत, ती गोष्ट निराळी. भिवापुराहून ते फार दूरही नाही. अर्थातच मी अजून पाहिलेले नाही.

"आईंनी नाव दिलंय का?" मी विचारले.

"त्यांनी दिलंच. तुमचंही दिलंय. पैसे तुम्ही आल्यावर घेणार म्हणाल्या."

"केव्हा आहे?"

"कार्तिकी एकादशी झाली की लगेचचा रविवार. पहाटे पाच वाजता. आणि भाऊजी, त्यांनी सांगितलंय, घड्याळ घरी ठेवून या. शिट्टी आहे म्हणावं तिथं."